बांधाआडच्या वस्तीचा पूरविमा (गोवा)

बांध, संरक्षक भिंत, मानस (बांधातले पाण्याचे दार) किंवा पंप यांच्या आधाराने पुरापासून राखलेल्या भागातील घरांना आणि व्यवसायांना पुराच्या नुकसानीबद्दल मिळणारे विमासंरक्षण. अमेरिकेत यासाठी १९६८ पासून स्वतंत्र राष्ट्रीय योजना आहे. तिथे नकाशावर पूरप्रवण ठरलेल्या भागात कर्जदाराला विमा सक्तीचा असतो आणि मान्यताप्राप्त बांधाआड तो ऐच्छिक होतो. भारतात अशी विभागणी नाही. घराच्या आणि दुकानाच्या नेहमीच्या मालमत्ता विम्यातच आगीबरोबर वादळ, पूर आणि पाणी तुंबणे या जोखमी येतात. म्हणजे गोव्यात बांधाआडच्या माणसाला विमा मिळतो. बांध आहे म्हणून तो घेतला जात नाही, ही खरी अडचण आहे.

गोव्यातील सर्वांत जुनी पूरसंरक्षण व्यवस्था म्हणजे खाजन. मांडवी, जुवारी आदी नद्यांच्या काठची सुमारे १८,००० हेक्टर खाजन जमीन माती-चिऱ्यांच्या बांधांनी खाऱ्या पाण्यापासून राखलेली आहे. मानशीचे लाकडी दरवाजे भरतीच्या दाबाने मिटतात आणि ओहोटीला उघडून आतले पाणी बाहेर सोडतात. या बांधांची निगा पूर्वी गावकारी (गावाची सामूहिक संस्था) राखत, पुढे ती कुळांच्या संघांकडे आली. निगा सुटली की बांधाला खांवटें (भगदाड) पडते आणि शेतात शिरलेले पाणी कडेच्या घरांपर्यंत पोचते.

सांखळीत व्यवस्था नव्या धर्तीची आहे. वाळवंटी नदी चढली की नदीचे पाणी बाजारात येऊ नये म्हणून नाल्यांची दारे बंद करतात आणि गावात साचलेले पावसाचे पाणी पंपांनी नदीत फेकतात. त्या वेळी वीज गेली किंवा पंप अडला, तर नदीने काठ न ओलांडताही दुकानांत पाणी भरू शकते. हेही विम्याच्या भाषेत पाणी तुंबणेच आहे, आणि त्याची भरपाई मागता येते. २३ जुलै २०२१ रोजी सत्तरी, डिचोली, फोंडा आणि धारबांदोडा तालुक्यांत आलेला पूर १९८२ नंतरचा सर्वांत मोठा असल्याचे मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी म्हटले होते. त्यात मातीच्या भिंतींची कितीतरी घरे बसली.

विमा नियामकाने १ एप्रिल २०२१ पासून तीन प्रमाणित पॉलिसी लागू केल्या. घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’, एका ठिकाणी ५ कोटी रुपयांपर्यंत मालमत्ता असलेल्या व्यवसायांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आणि ५ ते ५० कोटींसाठी ‘भारत लघु उद्यम सुरक्षा’. गृह रक्षेत इमारतीची रक्कम बांधकामाच्या खर्चावर ठरते, जमिनीच्या भावावर नाही. इमारतीचा विमा घेतला की घरातील सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, पण जास्तीत जास्त १० लाख रुपयांचे संरक्षण आपोआप मिळते. भिंत पुराने पडली तर भरपाई मिळते. वर्षानुवर्षे झिरपणाऱ्या ओलीने पोखरली गेली तर मिळत नाही. खाजनाकडेच्या घरांत हा फरक वादाचा ठरतो, म्हणून पावसाळ्याआधी भिंतींचे फोटो काढून ठेवणे फार मोलाचे.

दुकानदाराचा घात होतो तो रकमेत. चवथीचा (गणेश चतुर्थीचा) माल भरला जातो तो ऐन पावसाळ्यात, आणि विम्याची रक्कम मात्र रिकाम्या दिवसांतल्या साठ्यावरून धरलेली असते. २० लाखांच्या मालाचा १० लाखांचाच विमा असेल आणि ४ लाखांचा माल भिजला, तर विमा निम्म्याच मालाचा म्हणून हाती साधारण २ लाखच येतात. दुकान बंद राहिल्याने बुडालेल्या धंद्याची भरपाई मूळ पॉलिसीत नसते. ते संरक्षण वेगळे घ्यावे लागते. कर्जासाठी बँकेने उतरवलेला विमा पुष्कळदा इमारतीपुरता असतो, आतला माल त्यात आहे की नाही हे पॉलिसी वाचूनच कळते.

गोव्यात आणखी एक गुंता मालकीचा. वाटणी न झालेली वडिलोपार्जित घरे आणि भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीवरील मुंडकारांची (तिथे घर करून राहणाऱ्यांची) घरे पुष्कळ आहेत. विमा घेणाऱ्याचा त्या मालमत्तेत आर्थिक हितसंबंध असावा लागतो, त्यामुळे घरपट्टी कोणाच्या नावे आहे आणि इतर हिस्सेदार कोण, हे पॉलिसी घेतानाच नोंदवलेले बरे. भाडेकरूला इमारतीचा नाही, तरी स्वतःच्या सामानाचा विमा घेता येतो.

सरकारी मदत हा विम्याला पर्याय नव्हे. आपत्ती निवारण निधीच्या २०२२–२६ च्या निकषांनुसार सपाट भागात पूर्ण पडलेल्या घराला १ लाख २० हजार रुपये मिळतात. त्यात चिऱ्यांचे घर पुन्हा उभे राहत नाही. तरीही तलाठ्याचा पंचनामा जरूर करून घ्यावा, कारण विमा दाव्यातही तो पुरावा म्हणून उपयोगी पडतो. पाणी ओसरले की कंपनीला लगेच कळवावे, भिंतीवरील पाण्याच्या खुणेचे फोटो घ्यावेत आणि सर्वेक्षक पाहून जाईपर्यंत भिजलेला माल फेकू नये. दावा नाकारला गेला किंवा कमी मंजूर झाला, तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे आणि नंतर पुण्याच्या विमा लोकपालांकडे दाद मागता येते. गोवा त्यांच्याच कक्षेत येतो.