बेळगावची छत्री आग्नेयेकडेच का बघते?

शहापूरची गच्ची असो, निपाणीचा स्लॅब असो की खानापुरात कौलांशेजारी रोवलेला पाइप, डीडी फ्री डिश या दूरदर्शनच्या मोफत सेवेची छत्री (डिश अँटेना) सगळीकडे आग्नेयेलाच तोंड करून असते. तिचा नेम जीसॅट-१५ या उपग्रहावर असतो. विषुववृत्ताच्या वर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, ३५,७८६ किलोमीटर उंचीवर तो आहे. बेळगावातून त्याची जागा उत्तरेकडून पूर्वेमार्गे मोजत १२८ अंशांवर आणि क्षितिजापासून ६१ अंश उंच येते. रात्रंदिवस तिथेच. म्हणून तो पडत नाही असे वाटते, पण तो सतत पडतोच आहे. किती पडतो, हे वहीत मांडून काढता येते.

गोकाकच्या कड्यावरून सुटलेले पाणी, हवेचा अडथळा सोडला तर, पहिल्या सेकंदात ४.९ मीटर खाली येते. ते पृथ्वीच्या केंद्रापासून साधारण ६,३७८ किलोमीटरवर आहे आणि उपग्रह ४२,१६४ किलोमीटरवर, म्हणजे ६.६१ पट दूर. पृथ्वीची ओढ अंतराच्या वर्गाने घटते. ६.६१ चा वर्ग ४३.७, ४.९ मीटरला त्याने भागले की ११.२ सेंटिमीटर येतात. उपग्रह सेकंदाला एवढाच पडतो.

त्याच सेकंदात तो आडवा ३.०७ किलोमीटर जातो. त्याच्या कक्षेचे वर्तुळ तेवढ्या वाटेत सरळ रेषेपासून किती वळते, ते काढायला अंतराच्या वर्गाला त्रिज्येच्या दुपटीने भागायचे: ३.०७ × ३.०७ ÷ ८४,३२८. उत्तर पुन्हा ११.२ सेंटिमीटर! जेवढा पडतो तेवढीच वाट वळते, म्हणून उंची कमी होत नाही. हा हिशेब प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा स्वतः करावा. ‘गुरुत्वाकर्षण आणि अपकेंद्री बल एकमेकांना तोलतात’ हे पाठ केलेले वाक्य इथे दिशाभूल करते. बाहेरून पाहिले तर उपग्रहावर एकच बल आहे, ओढीचे. ते खरोखर तोलले गेले असते, तर तो सरळ रेषेत निघून गेला असता.

उंची हीच का? खालचे उपग्रह झपाट्याने फिरतात. सुमारे ४०० किलोमीटरवरचे आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक ९२-९३ मिनिटांत फेरी पुरी करते. ३५,७८६ किलोमीटरवर फेरीला २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंद लागतात, आणि पृथ्वीही स्वतःभोवती तेवढ्याच वेळात फिरते.

मग एखादा उपग्रह थेट बेळगावच्या डोक्यावर का टांगत नाहीत? इथे खरी गंमत आहे. बेळगाव १५.८५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. उपग्रहाने कायम डोक्यावर राहायचे, तर त्याचे वर्तुळ विषुववृत्ताला समांतर पण उत्तरेला सरकलेले लागेल. त्या वर्तुळाचा मध्य पृथ्वीच्या केंद्रापासून सुमारे ११,५०० किलोमीटर उत्तरेला, उत्तर ध्रुवाच्याही पलीकडे मोकळ्या अवकाशात येतो. तिथे ओढणारे काहीच नाही. पृथ्वी ओढते ती स्वतःच्या केंद्राकडे, त्यामुळे प्रत्येक कक्षेचे प्रतल त्या केंद्रातूनच जाते. कक्षा १५.८५ अंशांनी कलती ठेवली, तर उपग्रह दिवसातून एकदा बेळगावच्या माथ्यावर येईल आणि बाकी वेळ उत्तर-दक्षिण हेलकावे खात आकाशात इंग्रजी आठचा आकडा काढेल. भारताच्या ‘नाविक’ या दिशादर्शन यंत्रणेतले काही उपग्रह मुद्दाम अशाच, सुमारे २९ अंश कलत्या कक्षांत ठेवले आहेत; दिशादर्शनाला ते चालते. पाइपला घट्ट आवळलेल्या छत्रीला चालत नाही. तिला जागचा न हलणारा उपग्रह हवा, आणि तो फक्त विषुववृत्तावर मिळतो. म्हणून बेळगावची छत्री दक्षिणेकडे कलते. जीसॅट-१५ आपल्या रेखांशाच्या १९ अंश पूर्वेला असल्यामुळे दक्षिणेची आग्नेय होते.

बसवताना बहुतेकांची चूक उंचीच्या कोनात होते. या छत्र्या ऑफसेट असतात: एलएनबी, म्हणजे परावर्तित सिग्नल झेलणारा भाग, मध्यभागी नसून खालून पुढे आलेल्या दांडीवर असतो, आणि छत्रीचा चेहरा खऱ्या नेमापेक्षा वीस-पंचवीस अंश खाली पाहतो. त्यामुळे ६१ अंशांचा नेम धरलेली छत्री जेमतेम चाळिशीतल्या अंशाकडे बघतेय असे वाटते. चेहराच ६१ अंशांवर केला, तर सिग्नल सापडतच नाही. आधी पाइप दोन्ही बाजूंनी ओळंब्यात हवा, नाहीतर मागच्या पट्टीवरचे अंश खोटे ठरतात. होकायंत्र लोखंडी पाइपपासून दूर उभे राहून पाहावे. मग छत्री अगदी थोडी सरकवायची आणि थांबायचे, कारण रिसीव्हरला सिग्नल पकडायला काही सेकंद लागतात.

झाडांची फार धास्ती नको. कोन एवढा उभा आहे की छत्रीपेक्षा १० मीटर उंच नारळ साडेपाच मीटरच्या आत असला, तरच आड येतो. खात्री करायची संधी वर्षातून दोनदा मिळते. मार्चच्या मध्याला आणि सप्टेंबरच्या शेवटी, सकाळी अकराच्या सुमारास, बेळगावातून पाहता सूर्य नेमका या उपग्रहाच्या पाठीमागे येतो. त्याच्या रेडिओ गोंगाटामुळे काही दिवस थोडी मिनिटे चित्र तुटू शकते. छत्री हलवू नये, ते आपोआप सुधारते. त्या वेळी सूर्याकडे न बघता छत्रीकडे बघावे. तिच्यावर फांदीची सावली असेल, तर तीच फांदी छाटायची.