अर्धी उरलेली सिलिकॉनची ट्यूब टाकून देऊ नका, अशी ठेवा

लक्ष्मीपुरीतल्या आमच्या दुकानात पावसाळा तोंडावर आला की हमखास कुणीतरी येतंय, दगडासारखी झालेली, सांधे भरायच्या सिलिकॉनची ट्यूब काउंटरवर ठेवतंय आणि म्हणतंय, मागच्या महिन्यातच नेली होती हो, एकदाच वापरली, आता ट्यूब दाबायची गन कितीही दाबली तरी येतच नाही. मग नवीन घ्यावी लागते. आमची विक्री होते हे खरं, पण चांगला माल असा कचऱ्यात जाताना बघवत नाही, म्हणून हे पत्रक छापून बिलासोबत देतोय. जरा वेळ काढून वाचा.

घरच्या कामाला पूर्ण ट्यूब सहसा लागत नाही. सांधा 6 मिमी रुंद आणि 6 मिमी खोल धरला तर एका मीटरला 36 मिली माल जातो. बेसिनच्या कडेला दीड मीटर लागलं तर झाले 54 मिली, आणि ट्यूब असते साधारण 280 मिलीची, म्हणजे सव्वादोनशे मिली तशीच शिल्लक. खरा पैसा त्या उरलेल्यातच अडकलेला असतो.

सिलिकॉन वाळत नाही, पिकतं

बऱ्याच जणांना वाटतं सिलिकॉन रंगासारखं वाळतं, म्हणून नोझलला, म्हणजे ट्यूबच्या तोंडावरच्या निमुळत्या नळीला, ओलं फडकं गुंडाळून ठेवतात. नेमकं उलटं होतंय. सिलिकॉन हवेतला ओलावा घेऊनच घट्ट होतं, त्यामुळं ओलं फडकं म्हणजे त्याला आमंत्रणच. भडंग सादळू नये म्हणून आपण डब्याचं झाकण घट्ट लावतो ना, तसंच ह्याला सांभाळायचं, फरक एवढाच की ओलाव्यानं भडंग मऊ पडतं आणि सिलिकॉन कडक होतं. आपल्याकडं जून ते सप्टेंबर हवाच ओली असते, तेव्हा उघडी राहिलेली ट्यूब उन्हाळ्यापेक्षा लवकर जाते.

पण घाबरू नका, हे घट्ट होणं बाहेरून आत हळूहळू सरकतं, पहिल्या दिवसात साधारण 2-3 मिमी, नंतर आणखी सावकाश. म्हणून महिन्यानं नोझल गच्च झालं तरी आतला माल बऱ्याचदा चांगला असतो! लोक अख्खी ट्यूब फेकतात आणि खराब असतं फक्त नोझल. नोझल फिरवून काढा, ट्यूबच्या तोंडाशी बसलेलं बूच पक्कडीनं ओढा, आतनं मऊ माल दिसला की नवीन नोझल लावा. जादा नोझल आमच्याकडं मिळतात, मागून घ्या.

काम झाल्याझाल्या पहिल्यांदा गनच्या मागची पत्ती दाबून दांडा मागं ओढा, नाहीतर दाब तसाच राहतो आणि माल नोझलमधनं गळत राहतो. आठ-पंधरा दिवसांत परत लागणार असेल तर नोझलच्या टोकातनं इंचभर सिलिकॉन बाहेर येऊ द्या आणि पुसू नका, ती शेपटी घट्ट होते, पुढच्या वेळी तीच धरून ओढली की बूच निघून येतं. जास्त दिवस ठेवायची असेल तर नोझल काढा, ट्यूबचे आटे पुसा, तोंडावर पॉलिथिनचा तुकडा ताणून बसवा आणि वरून नोझल परत घट्ट फिरवा, मग सगळं हवाबंद पिशवीत. आम्हाला हीच पद्धत जास्त खात्रीची वाटते.

टोकात खिळा खुपसायची सवय मात्र सोडा. व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या सिलिकॉनमधनं घट्ट होताना अॅसिटिक अॅसिड सुटतं, त्यानं लोखंडी खिळा गंजतो आणि मग पांढऱ्या सिलिकॉनमध्ये तांबूस रेघा येतात. खुपसायचंच असेल तर स्टेनलेस स्टीलचा स्क्रू घ्या, भोकापेक्षा किंचित जाड.

जुनी ट्यूब बाथरूमला लावायच्या आधी काचेवर नाहीतर फरशीच्या तुकड्यावर एक रेघ ओढा आणि दुसऱ्या दिवशी बघा. रबरासारखी झाली तर बिनधास्त वापरा, चिकट लापशीसारखीच राहिली तर ती ट्यूब गेली, मोह करू नका. असा खराब माल सांध्यात भरला तर सगळा खरवडून काढावा लागतो, कारण सिलिकॉनवर नवीन सिलिकॉन नीट धरत नाही. न उघडलेली ट्यूब कंपनीप्रमाणं 12 ते 24 महिने टिकते, तारीख बघूनच घ्या, आमच्याकडून घेताना पण बघा, आणि एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या खोलीत ठेवू नका.

बाकीचे सीलंट (सांधे भरायचा माल) आणि गोंद, थोडक्यात

अॅक्रिलिक सीलंटमधलं पाणी उडून ते सुकतं, म्हणून वर सांगितलेलं ओलं फडकं इथं चालतं, टोकाला गुंडाळून पिशवीत ठेवा. पीयू (पॉलीयुरेथेन) सीलंट ओलाव्यानंच पिकतो आणि उघडल्यावर साठवायच्या भानगडीत पडू नये, एक-दोन दिवसांत संपवा, शेजारच्यांचं काही काम असेल तर तेही करून टाका.

फेविक्विकसारख्या गोंदाला घट्ट व्हायला जरासा ओलावा पुरतो. वापरल्यावर ट्यूब उभी धरून टिचकी मारा, टोकातला थेंब आत गेला की टोपण लावा. टोक सुती कापडानं पुसू नका, सुतावर हा गोंद जास्त पडला तर तापतो आणि चटका बसतो, प्लास्टिकच्या तुकड्यानं पुसा. फ्रीजमध्ये ठेवत असाल तर हवाबंद डबीत, आणि बाहेर काढल्यावर नेहमीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, नाहीतर आत दव धरतं.

अराल्डाइटसारख्या दोन ट्यूबच्या गोंदात टोपणांची अदलाबदल करू नका, एकाचं दुसऱ्याला लागलं की टोपण कायमचं चिकटतं. मिसळलेला उरला तर तो ठेवता येत नाही, लागेल तेवढाच मिसळा.

पीव्हीसी पाइप जोडायचं सोल्युशन जेलीसारखं झालं असेल तर थिनर घालून पातळ करू नका, तसला जोड पाइपात पाणी सोडलं की सुटू शकतो. डबा वापरताना सुद्धा मधे मधे झाकण लावत जा, आणि गॅसच्या शेगडीपासून लांब ठेवा, ते पेट घेतं.

ट्यूब उघडली त्या दिवसाची तारीख मार्करनं तिच्यावरच लिहा. कळत नसेल की आपली ट्यूब कुठल्या प्रकारची आहे, तर ती घेऊनच दुकानात या, काउंटरवर रेघ ओढून ठेवू, दुसऱ्या दिवशी येऊन बघून जा, त्याचे पैसे घेत नाही.