घाम टाळूचा, घोर केसांचा

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठाच्या त्वचारोगतज्ज्ञांनी 103 आफ्रिकी-अमेरिकी स्त्रियांना केसांबद्दल आणि व्यायामाबद्दल विचारलं. केस बिघडतील म्हणून आपण कधी ना कधी व्यायाम टाळतो, असं त्यातल्या सुमारे 38 टक्के जणींनी सांगितलं. 2012च्या अखेरीस हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याच्या आदल्या वर्षी तेव्हाच्या सर्जन जनरल, म्हणजे सार्वजनिक आरोग्यावर सरकारतर्फे बोलणाऱ्या प्रमुख डॉक्टर, रेजिना बेंजामिन याच विषयावर बोलायला अटलांटातल्या केशरचनाकारांच्या मेळाव्यात गेल्या होत्या. याला नटण्यामुरडण्याचा प्रश्न म्हणून झटकून टाकणं सोपं आहे, पण चूक आहे. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये उच्च रक्तदाबाचं प्रमाण मोठं आहे आणि आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम त्यांना हवाच. दुसरीकडे, नैसर्गिक केसांवरून नोकरीत आणि शाळेत भेदभाव होऊ नये म्हणून कॅलिफोर्नियाला 2019 मध्ये कायदा करावा लागला. ‘नीटनेटकं’ दिसण्याचा दबाव किती खरा आहे, हे त्यावरून कळतं.

अडचणीचं मूळ केसाच्या घडणीत आहे. घट्ट कुरळ्या केसाचं मूळ त्वचेखालीच वळलेलं असतं आणि केसाचा छेद गोल नसून चपटा, लंबगोल असतो. प्रत्येक वळणावर केस थोडा कमकुवत होतो. टाळूतून स्रवणारं तेल सरळ केसावरून सहज खाली उतरतं, पण या वळणांवरून ते उतरत नाही. त्यामुळे मुळाशी तेलकटपणा आणि टोकाला कोरडेपणा, असं एकाच डोक्यावर दिसतं. असे केस रोज शॅम्पूने धुतले तर टोकं आणखी कोरडी पडून तुटतात. म्हणून अशा केसांना आठवड्याने किंवा पंधरवड्याने न्हाण्याचा सल्ला त्वचारोगतज्ज्ञ देतात.

आता घाम. केस स्ट्रेटनरने सरळ करतात तेव्हा उष्णतेमुळे केरॅटिन या केसातल्या प्रथिनामधले हायड्रोजन बंध, म्हणजे कच्चे जोड, सुटतात आणि केस थंड होताना सरळ अवस्थेत पुन्हा जुळतात. हे बंध पाण्याने लगेच सुटतात आणि घाम म्हणजे बहुतांशी पाणीच. म्हणून तासन् तास खपून केलेला सिल्क प्रेस, म्हणजे स्ट्रेटनरने केस सरळ करून केलेली रचना, अर्ध्या तासाच्या धावण्याने मुळाशी फुगतो. रिलॅक्सरचं, म्हणजे केस कायमचे सरळ करणाऱ्या रसायनाचं, तसं नाही. त्यातलं तीव्र अल्कली केसातले पक्के जोड, डायसल्फाइड बंधच तोडतं, त्यामुळे सरळ झालेला भाग घामाने पुन्हा कुरळा होत नाही. फुगतो तो मुळाशी नव्याने आलेला, महिन्याला पाऊण-एक सेंटिमीटर वाढणारा कुरळा भाग. कुरळा आणि सरळ भाग जिथे भेटतात ती जागा सर्वांत नाजूक असते. घामाने गुंतलेल्या मुळांत कंगवा ओढला की केस नेमका तिथे तुटतो.

सगळ्यात उपयोगाची गोष्ट अशी, की टाळू आणि केसांची लांबी यांची निगा वेगवेगळी ठेवता येते. घाम टाळूला येतो. तो वाळला की मीठ उरतं, खाज सुटते. तेलात मालासेझिया ही बुरशी वाढली तर कोंडा होतो. स्वच्छता टाळूला हवी, लांबीला प्रत्येक वेळी नको. अरुंद तोंडाच्या बाटलीत एक भाग सौम्य शॅम्पू आणि तीन भाग पाणी घ्यावं, केसांचे चार ते सहा भाग पाडून फक्त भांगांवर सोडावं, बोटांच्या पेरांनी चोळावं आणि पाण्याने पूर्ण धुऊन काढावं. नखं लावू नयेत. मग जुन्या सुती टी-शर्टने टिपून ड्रायरची थंड हवा मुळांशी द्यावी. सरळ ठेवलेल्या केसांना हे चालत नाही. तिथे ओलं, पिळलेलं कापड भांगांवर फिरवून थंड हवा द्यावी आणि दमवणारा व्यायाम न्हाण्याच्या आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी ठेवावा. आठवड्याचं वेळापत्रक न्हायच्या दिवसापासून मागे मोजत आखलं की निम्मी अडचण सुटते.

व्यायामाच्या वेळी केस डोक्यावर उंच, सैल बांधावेत आणि कपाळाच्या कडेला सॅटिनचा पट्टा बांधावा. व्यायाम संपताच तो सोडू नये. दहा-पंधरा मिनिटं, कडेचे केस वाळेपर्यंत, तसाच राहू द्यावा. ते दाबलेल्या अवस्थेत वाळतात, म्हणून सपाट राहतात. घाईघाईने घामट केसांवर स्ट्रेटनर फिरवणं मात्र फार महागात पडतं: आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात बुडबुडे तयार होतात आणि केस तिथेच मोडतो.

रोज व्यायाम करणाऱ्यांसाठी बारीक वेण्या किंवा पीळ घातलेल्या बटा बहुधा सर्वांत सोयीच्या, कारण भांग उघडे राहतात. पण वेणी घातल्यावर डोकं ठणकत असेल किंवा कपाळाच्या कडेला पुटकुळ्या आल्या असतील, तर ती जास्त घट्ट आहे. त्याच दिवशी सोडवावी. ओढ कायम राहिली तर कडेचे केस विरळ होतात आणि पुढे मूळच मरतं. त्या वेण्या आवळून वर बांधल्या की ओढ आणखी वाढते. सहा ते आठ आठवड्यांच्या वर त्या ठेवू नयेत. शिवून लावलेल्या कृत्रिम केसांखाली घाम साचतो आणि लवकर वाळत नाही. तिथे आतल्या वेण्यांपर्यंत थंड हवा पोचवणं आवश्यकच आहे. डोक्याच्या मध्यभागापासून बाहेरच्या बाजूला केस विरळ होत असतील, तर तेलं बदलत बसू नये. तिथे व्रण पडून केस कायमचे जाण्याचा आजार असू शकतो. त्वचारोगतज्ज्ञांना लवकर दाखवावं.

तेलाबाबत एक जुनं काम उपयोगी पडतं. 2003 मध्ये मुंबईतल्या मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी खनिज, सूर्यफूल आणि खोबरेल अशा तीन तेलांची तुलना केली. केसांतून होणारी प्रथिनांची गळती फक्त खोबरेलाने कमी झाली, कारण त्यातली लॉरिक आम्लाची साखळी सरळ आणि लहान असल्याने ती केसाच्या आत शिरते. न्हाण्याआधी लांबीला थोडं खोबरेल लावणं त्यामुळे शहाणपणाचं. घामेजलेल्या टाळूवर मात्र थापू नये.

पोहताना आधी केस नळाच्या पाण्याने भिजवून त्यावर कंडिशनर लावावा. भिजलेला केस तलावातलं क्लोरीनचं पाणी कमी शोषतो. लांब वेण्या नेहमीच्या टोपीत मावत नाहीत. अशा केसांसाठी बनवलेल्या मोठ्या टोपीला आंतरराष्ट्रीय जलतरण महासंघाने टोकियो ऑलिंपिकआधी नकार दिला होता. सप्टेंबर 2022 मध्ये ती मान्य झाली. तलावातून बाहेर आल्यावर लगेच धुवावं, आणि पोहण्याच्या आठवड्यात रिलॅक्सर लावू नये.