सिंथ, पेडल आणि गिटार ॲम्प: एका जुन्या नात्याची पार्श्वभूमी

हाताच्या पंजाएवढा सिंथ, म्हणजे विजेवर सूर घडवणारा सिंथेसायझर, पहिल्यांदा गिटारच्या पेडलला (आवाज बदलणाऱ्या, पायाशी ठेवायच्या पेटीला) जोडला की बहुतेकांचा अनुभव सारखाच असतो: आवाज येतो, पण फाटका येतो. माझंही तसंच झालं होतं. सिंथचा व्हॉल्यूम पूर्ण, पुढे फझ (आवाज मुद्दाम फाडणारं पेडल), त्यापुढे ॲम्प. सिंथच्या फिल्टरचा, म्हणजे आवाजाची धार कमी-जास्त करणारा नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला तरी आवाजात काडीचा फरक पडेना. दोष कुठल्याच यंत्रात नव्हता. सिंथचा व्हॉल्यूम पावपट करून पाहिला, आणि तोच फिल्टर हळूहळू उघडताना स्पष्ट ऐकू यायला लागला. असं का होतं याचं उत्तर विजेच्या मोजमापात आहे, पण ती मोजमापं अशी का ठरली, हे सांगायला थोडं मागे जावं लागतं.

गिटारच्या सामानात सिंथची लुडबूड कशाला, असं म्हणणारे भेटतात. मला ते मुळीच पटत नाही, कारण त्या सामानातलं बरंचसं कीबोर्डच्याच घरून आलेलं आहे. गिटार ॲम्पमधला स्प्रिंग रिव्हर्ब, म्हणजे स्प्रिंगने आणलेला घुमारा, मूळचा हॅमंड ऑर्गनचा. फेंडर या गिटार-ॲम्पच्या कंपनीने तो हॅमंडकडून परवाना घेऊन १९६१ मध्ये वेगळ्या पेटीच्या रूपात गिटारवाल्यांसमोर आणला. वाह पेडलचा जन्म तर ऑर्गन बनवणाऱ्या कंपनीतच झाला. १९६६ मध्ये थॉमस ऑर्गन कंपनीत ब्रॅड प्लंकेट हा तरुण अभियंता व्हॉक्स ॲम्पमधल्या एका महागड्या स्विचला स्वस्त पर्याय शोधत होता. त्याचं सर्किट व्हॉक्स ऑर्गनच्या व्हॉल्यूम पेडलच्या खोक्यात बसवलं गेलं, आणि पायाने आवाज ‘बोलायला’ लागला. त्याआधी, १९६२ साली आलेल्या मेस्ट्रो फझ-टोनची जाहिरातही गिटारमधून ब्रासच्या वाद्यांसारखे आवाज काढता येतील अशीच होती. म्हणजे गिटारला गिटारपणातून बाहेर काढणं हेच पेडलचं काम होतं.

पेडल बनवणारे आणि सिंथ बनवणारेही अनेकदा तेच. टॉम ओबरहाइम यांनी आधी मेस्ट्रोसाठी रिंग मॉड्युलेटर आणि १९७१ चा फेज शिफ्टर तयार केला, त्यांच्या नावाचा सिंथ नंतर आला. युनि-व्हाइब या पेडलचे कर्ते फुमिओ मिएदा यांनी पुढे कोर्ग कंपनीत एमएस-२० या सिंथवर काम केलं. १९७८ च्या त्या सिंथमध्ये बाहेरचा आवाज आत घ्यायची खास सोय होती, म्हणजे गिटारच थेट सिंथमध्ये खुपसता येत होती. ही दोन माणसं लक्षात ठेवली की पेडल आणि सिंथ यांच्यातली भिंत किती पातळ आहे ते कळतं.

मग अडचण कुठे येते? गिटारच्या पिकअपमध्ये. चुंबकाभोवती बारीक तारेचे हजारो वेढे, आणि त्याला स्वतःची वीज अशी नाहीच. तारा छेडल्या की शे-दोनशे मिलिव्होल्टचा, फार तर जोरात झटका मारल्यावर त्याहून बराच मोठा सिग्नल निघतो. तो इतका नाजूक असतो की पुढच्या यंत्राने जास्त करंट ओढला की वरचे सूर मरतात. म्हणून गिटार ॲम्पचा इनपुट साधारण दहा लाख ओहमचा ठेवायची रीत पडली, आणि पेडलंही बहुतांशी त्याच हिशोबाने बनत गेली.

सिंथची घडण वेगळी. त्याच्या आत स्वतःचा ॲम्प्लिफायर असतो, आउटपुट दणकट असतो, आणि तो लाइन लेव्हलच्या, म्हणजे यंत्राकडून यंत्राकडे जाणाऱ्या जोरकस सिग्नलच्या, जगात राहतो. ते जग टेलिफोन आणि रेडिओवाल्यांचं. ६०० ओहमच्या लाइनवर एक मिलिवॅट म्हणजे ०.७७५ व्होल्ट, हा हिशोब तिथला. स्टुडिओची +४ डेसिबल ही पातळी त्यावरूनच आली, ती भरते सुमारे १.२३ व्होल्ट. घरगुती यंत्रांची −१० डेसिबलची पातळी सुमारे ०.३२ व्होल्टची. १९९० च्या दशकात डोएफर कंपनीने रुळवलेल्या युरोरॅकमध्ये, म्हणजे सुटे भाग जोडून बनवायच्या सिंथमध्ये, तर सिग्नल दहा व्होल्टच्या घरात झुलतो. ९ व्होल्टवर चालणाऱ्या पेडलला तो झेपणार कसा? झेपला नाही की आवाज फाटतो, आणि त्या फाटण्यात फिल्टरचा फरक बुडून जातो.

घोळ वाढवला जॅकने. गिटारचा ६.३५ मिलिमीटरचा जॅक एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन एक्स्चेंजमधून आलेला. तोच गिटारला, तोच सिंथला, तोच स्पीकरलाही. भोकात बसला म्हणून आतला सिग्नल जुळला, असं होत नाही.

१९७० च्या दशकात ही दरी वादकांनी आणि बनवणाऱ्यांनी आपापल्या परीने ओलांडली. ऱ्होड्स स्टेज पियानोत गिटारसारखेच पिकअप होते, त्यामुळे त्याची गिटार ॲम्पशी लगेच गट्टी जमली. डीप पर्पलच्या जॉन लॉर्ड यांनी हॅमंड ऑर्गन थेट मार्शल ॲम्पमध्ये घातला आणि ऑर्गनला गिटारइतकं आक्रमक केलं. मिनीमूग या सिंथच्या मागे हाय आणि लो असे दोन वेगळे आउटपुट दिलेले होते. १९७६ च्या बॉस सीई-१ या कोरस (आवाज दाट करणाऱ्या) पेडलवर हाय-लो कळ होती, कारण त्याला गिटारही लावली जाणार आणि कीबोर्डही, हे बनवणाऱ्यांनी आधीच धरलं होतं. त्याच वर्षी आलेल्या जाँ-मिशेल जार यांच्या ‘ऑक्सिजेन’ मधला तो लाटांसारखा हलणारा स्ट्रिंगचा पट्टा म्हणजे एमिनंट ऑर्गन आणि पुढे गिटारवाल्यांचं स्मॉल स्टोन फेझर. एवढ्याशा पेडलने एवढं आभाळ उभं राहतं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

१९८० च्या दशकात मात्र पेडलं मागे पडली. १९८७ चा रोलँड डी-५०, १९८८ चा कोर्ग एम१ यांच्यात रिव्हर्ब आणि कोरस आतच आले. तेव्हा अडगळीत गेलेल्यांत रोलँडचा टीबी-३०३ हा बेस सिंथही होता. साथीला बेस हवा असलेल्या गिटारवाल्यांसाठी तो बनवला होता, पण त्यांना तो रुचला नाही. पुढे शिकागोच्या डान्स संगीताने त्याला उचललं, आणि डिस्टॉर्शन पेडलमधून किंचाळणारा ३०३ ही १९९० च्या दशकातली ओळखीची चीज झाली. १९९८ मध्ये बॉब मूग यांनी स्वतःच मूगरफूगर या नावाने फिल्टर आणि रिंग मॉड्युलेटर पेडलच्या रूपात काढले. ड्राइव्हचा नॉब फिरवून त्यांना हलका सिग्नलही जुळवता येई, भारीही.

नंतर छोट्या सिंथची लाट आली: २०१० चा कोर्ग मोनोट्रॉन, २०१३ चे व्होल्का, २०१५ चे पॉकेट ऑपरेटर. मोनोट्रॉन-व्होल्कांत इफेक्ट नाही, असला तर जेमतेम एखादा, म्हणून पेडल पुन्हा हवंसं झालं. पण या यंत्रांनी जुन्या प्रश्नात नवी भर घातली. यांचा आउटपुट साडेतीन मिलिमीटरचा, हेडफोनचा, स्टिरिओ. त्यात साधी मोनो पिन घातली की उजवा चॅनल ग्राउंडला जोडला जाऊन शॉर्ट होतो. त्यापेक्षा स्टिरिओची फक्त डावी बाजू बाहेर काढणारी केबल बरी. पॉकेट ऑपरेटर सिंकच्या (दुसऱ्या यंत्राशी ताल जुळवण्याच्या) मोडमध्ये असेल तर एका चॅनलवर सूर नसतोच, नुसती टिकटिक असते, आणि फझ तिला इमानेइतबारे मोठी करून ऐकवतो.

विजेचंही तेच. बॉसच्या धाटणीच्या पेडलला ९ व्होल्ट लागतात, पिनच्या मधोमध ऋण. व्होल्कालाही ९ व्होल्टच, पण मधोमध धन. पिनचा आकार वेगळा म्हणून सहसा निभावतं, जोडपिना लावून जबरदस्ती केली तर नाही. ध्रुव जुळवून दोन्ही एकाच ॲडॉप्टरवर घेतले तरी अनेकदा मागे बारीक शिट्टी सुरू होते. सिंथ बॅटरीवर चालवला की ती गप्प बसते.

जुन्या फझ फेसचा हट्ट आणखी निराळा. १९६६ चं हे सर्किट समोर गिटारचा पिकअप आहे असं गृहीत धरून वागतं. सिंथचा दणकट आउटपुट लावला की त्याचा आवाज कर्कश होतो. मध्ये दहा-वीस हजार ओहमचा एक रेझिस्टर टाकला तर तो बराच नरमतो. सिग्नलची पातळी उतरवणारी आणि इम्पिडन्स (ओहममध्ये मोजला जाणारा विरोध) वाढवणारी रीॲम्प पेटी हेच काम जास्त नीट करते. तिचा मूळ हेतू होता स्टुडिओत ध्वनिमुद्रित गिटार पुन्हा ॲम्पमधून वाजवण्याचा. सिंथवाल्यांना ती आयतीच सापडली.

शेवटी राहतो ॲम्पचा स्पीकर. गिटारचा सर्वांत खालचा सूर ८२ हर्ट्झचा, आणि गिटारचे स्पीकर पाच हजार हर्ट्झच्या वर झपाट्याने मंदावतात. म्हणून सिंथचा टोकदार आवाज तिथे उबदार होतो, ही त्याची गोडी. पण सिंथ ३० हर्ट्झचा सूर न थकता मिनिटभर धरून ठेवू शकतो. तार तशी कधी वाजत नाही. स्पीकरचा कागदी पडदा पुढे-मागे हलताना डोळ्यांना दिसायला लागला की आवाज कमी करायचा, एवढं मी पाळतो.

इव्हेंटाइडच्या टाइमफॅक्टरसारख्या पेडलांवर आता वाद्य की लाइन हे निवडायची कळ मिळते. सीई-१ वर ती १९७६ मध्येच होती.