डिजिटल मोडची सॉफ्टवेअर, हौशी रेडिओतील

हौशी रेडिओ केंद्रावर संगणकाच्या साउंड कार्डाकडून मोडेमचे, म्हणजे मजकूर व ध्वनिसंकेत यांच्या परस्पर रूपांतराचे, काम करून घेऊन मजकूर पाठवणाऱ्या व घेणाऱ्या प्रोग्रॅमांचा वर्ग. आरटीटीवाय (रेडिओ-टेलिटाइप), पीएसके३१, जेटी६५, एफटी८ हे मोड, म्हणजे संकेतनाचे नियम. एफएलडिजी, एमएमटीटीवाय, डब्ल्यूएसजेटी-एक्स, जेटीडीएक्स हे ते नियम राबवणारे प्रोग्रॅम. हा भेद सुटला की मोडचे गुण प्रोग्रॅमच्या खात्यावर जमा होतात, आणि प्रचलित तुलनांत हे वारंवार घडते. एकाच मोडसाठी प्रक्षेपित होणारा संकेत सर्व प्रोग्रॅमांत सारखाच असावा लागतो. खरा फरक ग्रहणात पडतो.

साउंड कार्डाचे युग कोठून मोजावे याबद्दल एकमत नाही. सामान्यतः ते ब्रिटिश हौशी पीटर मार्टिनेझ यांच्या पीएसके३१ पासून, म्हणजे १९९८ च्या सुमारास, धरले जाते. मात्र साउंड ब्लास्टर कार्डावर आरटीटीवाय उलगडणारा ‘रिटी’ हा डॉस प्रोग्रॅम बहुधा त्याच्या आधीचा आहे. मंद गतीने संकेत-लहरीची कला (फेज) बदलून मजकूर पाठवण्याची, म्हणजे पीएसके३१ मागची, मूळ कल्पनाही पोलंडच्या पावेल यावोखा यांच्या ‘स्लोबीपीएसके’तली; ती मोटोरोलाच्या डीएसपी (अंकीय संकेत-प्रक्रिया) कार्डावर चालत असे. मार्टिनेझ यांनी ३१.२५ बॉडचा (सेकंदाला तितक्या संकेत-चिन्हांचा) वेग ठरवला, व्हॅरिकोड ही कमीअधिक लांबीची लिपी दिली आणि विंडोजसाठी प्रोग्रॅम मोफत उपलब्ध केला. व्हॅरिकोडमध्ये ‘e’ ला दोनच बिट लागतात, मोठ्या लिपीतील अक्षरांना पुष्कळ अधिक. त्यामुळे कॅप्स लॉक लावून टंकणारा आपलाच वेग घालवतो. कल्पना यावोखा यांची आणि प्रसार मार्टिनेझ यांचा, हे मत अधिक ग्राह्य दिसते.

टंकलेखी गप्पांच्या मोडसाठी डेव्ह फ्रीझ यांचे एफएलडिजी हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर लिनक्स, विंडोज व मॅकओएसवर चालते आणि डझनावारी मोड हाताळते. केवळ आरटीटीवायसाठी माकोतो मोरी यांचे एमएमटीटीवाय अजून वापरात आहे. एफएलडिजीत एफटी८ नाही, त्यामुळे त्याची डब्ल्यूएसजेटी-एक्सशी सरळ तुलना करण्यात फारसा अर्थ नाही.

डब्ल्यूएसजेटी हे कुटुंब जोसेफ टेलर यांनी २००१ मध्ये सुरू केले. हेच टेलर युग्म-पल्सारच्या शोधासाठी १९९३ च्या नोबेल पारितोषिकाचे सहमानकरी. पहिला मोड उल्का-परावर्तनासाठी, म्हणजे उल्कांच्या मागावरून रेडिओ-संकेत परावर्तित करण्यासाठी, होता. चंद्र-परावर्तनात, म्हणजे चंद्रावरून संकेत परतवून साधलेल्या संपर्कांत, गाजलेला जेटी६५ साधारण २००३ चा, आणि स्टीव्ह फ्रँक यांच्यासह केलेला एफटी८ २०१७ चा. जेटी६५ च्या उलगडकाने (संकेतातून संदेश काढणाऱ्या भागाने) दोन वाद ओढवून घेतले. पहिला ‘डीप सर्च’चा : ज्ञात कॉलसाइनांच्या (केंद्रांच्या ओळख-संकेतांच्या) फाइलमधून संभाव्य संदेश रचून ते आलेल्या संकेताशी ताडले जात. यावर, संदेश खरोखर ऐकला की ओळखीच्या नावांतून निवडला, असा आक्षेप चंद्र-परावर्तन करणाऱ्यांनी घेतला. दुसरा वाद स्रोताचा, म्हणजे प्रोग्रॅमच्या मूळ संहितेचा : २००५ पासून डब्ल्यूएसजेटीचा स्रोत खुला होता, पण रीड–सॉलोमन हा चुका दुरुस्त करणारा संकेत उलगडणारा कोटर–वार्डी घटक बंद स्वरूपात जोडलेला असे. पुढे त्याची जागा फ्रँक व टेलर यांच्या खुल्या पद्धतीने घेतली.

पहिल्या आक्षेपाचे सौम्य रूप एफटी८ मध्येही उरले आहे. येथे १५ सेकंदांच्या खिडकीत (ठरावीक कालखंडात) १२.६४ सेकंदांचे प्रक्षेपण होते व त्यातून ७७ बिटांचा संदेश जातो. खिडकी संपता संपता प्रोग्रॅम बलवान संकेत उलगडतो, ते ध्वनीतून वजा करतो आणि खाली दबलेले शोधतो. स्वतःची किंवा समोरच्याची कॉलसाइन आधीच ठाऊक असल्यास तीही गृहीत धरतो. डब्ल्यूएसजेटी-एक्समध्ये अशा ओळीच्या शेवटी ‘a1’, ‘a2’ अशी खूण येते, आणि खात्री कमी असेल तर प्रश्नचिन्ह. जेटीडीएक्स हे त्यातूनच निघालेले, मुख्यतः एचएफसाठी (लघुलहरींसाठी) घडवलेले सॉफ्टवेअर. ते अधिक ओळी, म्हणजे उलगडलेले संदेश, दाखवते असे त्याचे पुरस्कर्ते सांगतात. ओळींची संख्या हे माप मात्र निसरडे आहे. १४ बिटांच्या सीआरसी या चूक-शोधक तपासणीतून यादृच्छिक चुकीच्या संदेशांपैकी सरासरी १६,३८४ त एक निसटतो. जो प्रोग्रॅम जितके अधिक पर्याय चाचपतो, तितक्या भुताळी कॉलसाइनांना तो वाट देतो. जेथून कोणी प्रक्षेपण करत असल्याचे माहीत नाही अशा देशातून आलेले उत्तर लॉगमध्ये (संपर्कांच्या नोंदवहीत) चढवण्याआधी दुसऱ्या खिडकीची वाट पाहणे बरे.

डेसिबलच्या आकड्यांबाबतही सावधगिरी हवी. एफटी८ ची सुमारे −२१ ही मर्यादा, म्हणजे उलगडता येईल असे संकेताचे गोंगाटाशी किमान प्रमाण, २५०० हर्ट्झच्या संदर्भपट्ट्यात मोजलेली आहे. संकेत स्वतः ५० हर्ट्झचा. त्या रुंदीत गोंगाट १७ डेसिबलने घटतो व मर्यादा −४ च्या आसपास येते. पट्टा न सांगता दिलेल्या आकड्यांवरून दोन प्रोग्रॅमांत निवाडा करू नये. संगणकाचे घड्याळ सेकंदभर चुकले तरी उलगडा घटतो. ‘सॉफ्टवेअर बहिरे आहे’ या तक्रारीमागे बहुतेकदा हेच असते, किंवा साउंड कार्डाची चढवलेली पातळी.

एफटी८ च्या पायावर मुक्त संभाषण करू देणारे जेएस८कॉल जॉर्डन शेरर यांनी २०१८ मध्ये आणले. विनलिंक या रेडिओवरील ई-मेल जाळ्यासाठी वापरले जाणारे व्हारा हे सॉफ्टवेअर बंद स्रोताचे आहे; पॅक्टर-४ या मोडला तर जर्मन बनावटीचा स्वतंत्र मोडेमच लागतो.