एल्कहॉर्न स्लू : पाणमांजरे, खेकडे आणि खाडीचा काठ

कॅलिफोर्नियात मॉन्टेरे उपसागराच्या किनाऱ्यावर, मॉस लँडिंग या गावाजवळ एल्कहॉर्न स्लू नावाची खाडी समुद्राला मिळते. १९७९ पासून तिचा बराच भाग संशोधनासाठी राखीव आहे. तिथे जायचे असेल, तर ओहोटीची वेळ बघूनच जावे, कारण एरवी पाण्याखाली असणारे काठ तेव्हा उघडे पडतात आणि खाडीचे दुखणे नेमके तिथेच दिसते.

काठावर पिकलवीड ही गुबगुबीत, पेरापेरांची खारी वनस्पती दाट वाढलेली असते. तिच्या मुळांनी चिखल धरून ठेवलेला असतो. मात्र जवळून पाहिले, की त्या चिखलात खेकड्यांची बिळेच बिळे दिसतात. खेकडे मुळे खातात, काठ आतून पोखरतात आणि मग ओहोटीच्या ओढीने कडेचे ढेकूळच्या ढेकूळ ढासळते. १९४० च्या दशकात बंदरासाठी खाडीचे मुख थेट समुद्राकडे उघडण्यात आले, त्यामुळे ही ओढ फारच वाढली.

खेकड्यांना आवर घालणारा प्राणी म्हणजे सागरी पाणमांजर. फरच्या व्यापारासाठी त्याची जवळजवळ सरसकट कत्तल झाली होती; १९११ च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर त्याला संरक्षण मिळाले आणि १९८० च्या दशकात तो या खाडीत परतला. त्याच्या परतण्याने घडलेला बदल मला विलक्षण वाटतो. पाणमांजरांची संख्या वाढली तिथे काठांची झीज मंदावली, असे २०२४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. त्याआधी २०१३ मध्ये पाण्याखालच्या ईलग्रास या सागरी गवताबाबतही असेच आढळले होते. शेतातून वाहून येणाऱ्या खतांमुळे या गवताच्या पात्यांवर शेवाळ माजते आणि त्याचा सूर्यप्रकाश अडतो. ते शेवाळ खाणाऱ्या बिनशंखाच्या सागरी गोगलगायींना खेकडे फस्त करत. खेकडे घटताच गोगलगायी वाढल्या, पाती स्वच्छ झाली आणि गवत पुन्हा पसरले.

कयाकमधून, म्हणजे वल्हवायच्या छोट्या अरुंद होडीतून जाणाऱ्यांनी पाणमांजरापासून निदान पाच कयाकच्या लांबीइतके दूर राहावे, असे तिथे सांगितले जाते आणि ते काटेकोरपणे पाळायलाच हवे. देवमासा किंवा सील यांच्यासारखा चरबीचा थर पाणमांजराला नसतो; थंड पाण्यात ऊब टिकवण्यासाठी त्याला रोज स्वतःच्या वजनाच्या सुमारे चतुर्थांश अन्न मिळवावे लागते. माणूस जवळ आला, की विसावलेले पाणमांजर बुडी मारते आणि या जेमतेम भागणाऱ्या हिशेबातली ऊर्जा विनाकारण खर्ची पडते.