प्रवासातल्या दशमीचा वास डोक्यात का राहतो?

दुधात भिजवलेल्या पिठाची दशमी आणि शेंगाची चटणी बेळगाव-खानापूर भागात कुणाला नवलाईची नाही. ती शाळेच्या डब्यात असते, शेतावर जाते, स्वयंपाकाचा कंटाळा आला की रात्रीचं जेवणही तिच्यावर भागतं. तरीही पहाटे बांधलेला तोच डबा जांबोटीच्या पुढे, चोर्ला घाटाच्या अलीकडे उघडला, की मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणतंच, "सौंदत्तीला गेलतो तेव्हाचा वास आला बघ!" घरी तीच चटणी खाताना मात्र सौंदत्तीच्या यल्लम्माची ती वारी कुणाला आठवत नाही.

आधी नाकाचा रस्ता पाहू. पदार्थातून उडणारे रेणू नाकाच्या वरच्या भागातल्या, वास टिपणाऱ्या ग्राहींना (रिसेप्टरना) चिकटतात. माणसात हे ग्राही सुमारे ४०० प्रकारचे आहेत. ते घडवणाऱ्या जनुकांचं मोठं कुटुंब लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये उजेडात आणलं आणि २००४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. एका वासाने अनेक ग्राही कमी-जास्त जागे होतात. कुठले कुठले जागे झाले, यावरून मेंदू वास ओळखतो. डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं आधी थॅलॅमस या केंद्रात थांबतं, मग पुढे जातं. वासाला हा थांबा नाही. नाकामागच्या घ्राणकंदातून तो भावनांशी संबंधित अमिग्डालापर्यंत आणि आठवणी बांधणाऱ्या हिप्पोकॅम्पसच्या उंबऱ्यापर्यंत जवळजवळ थेट पोचतो.

आपण ज्याला चव म्हणतो, तीही बरीचशी वासच असते. घास चावताना त्यातली वाफ घशाच्या मागून नाकात चढते. सर्दी झाली की ठेचा नुसता झोंबतो, लसणाचा पत्ता लागत नाही, कारण झोंबणं हे मिरचीतल्या कॅप्सेसिनचं काम आहे आणि त्याला नाक लागत नाही.

एवढ्याने कोडं सुटत नाही. उलट वाढतं. आठवणींचा अभ्यास करणाऱ्यांना एक गोष्ट चांगली माहीत आहे: एकाच खुणेला जितक्या जास्त आठवणी जोडलेल्या, तितकी ती खूण निकामी. एका खुंटीवर दहा पिशव्या अडकवल्या, की हवी ती हाताला लागत नाही, तसंच हे. मग रोजच्या चटणीला तर हजार जेवणं जोडलेली. तिने कुठलाच प्रवास आठवून देऊ नये.

माझ्या मते याचं उत्तर पदार्थात कमी आणि डब्यात गेलेल्या तासांत जास्त आहे. पहाटे लसूण कुटला की त्यातल्या एका विकरामुळे (एन्झाइममुळे) ॲलिसिन तयार होतं, तोच तो ताज्या लसणाचा भपकारा. ॲलिसिन फार टिकत नाही. चटणीवर ओतलेल्या तेलात त्याचे हळूहळू दुसरे गंधकयुक्त रेणू होतात, आणि गंधकाचे रेणू नाकाला अगदी किंचितही पुरतात. भाजलेल्या दाण्यांचा खमंगपणा पायराझिन नावाच्या रेणूंतून येतो. तोही त्याच तेलात उतरतो. दशमी गरम असतानाच बांधली तर तिची वाफ झाकणाला आतून धरते आणि थेंब होऊन परत खाली पडते. वरची दशमी ओलसर, कडेची जराशी चिवट, आणि मधल्या दशमीवर चटणीचं तेल पाझरून तांबूस चंद्र उमटलेला. गार होताना पिठातल्या स्टार्चचे रेणू पुन्हा एकमेकांशी जुळून घट्ट होतात, म्हणून जोंधळ्याची भाकरी दुपारपर्यंत मोडायला लागते. दशमी दुधात भिजवलेली असते. दुधातली चरबी हे घट्ट होणं लांबवते. आज्जीला स्टार्च ठाऊक नव्हता, पण सौंदत्तीला काय टिकतं आणि काय नाही, हे पक्कं ठाऊक होतं.

म्हणजे दुपारी डब्यात असतो तो घरच्या ताटातला पदार्थच नव्हे. चार-पाच तास कोंडलेला, मुरलेला, थोडा शिळा असा हा वास आपल्याला जवळपास फक्त प्रवासातच भेटतो. रोजच्या चटणीची खुंटी गर्दीची असली, तरी या वासाची मोकळी असते. त्यात नाकही ताजं झालेलं असतं. पहाटे स्वयंपाकघरात उभं राहून लसणाच्या वासाला ते सरावलं होतं. काही मिनिटांत त्याची जाणीवच बोथट होते. खिडकीतून चार तास वारा खाल्ल्यावर झाकण उघडलं, की तोच वास नव्याने अंगावर येतो.

वासाला जागाही चिकटते. निपाणीत शिरताना तंबाखूचा वास, लोंढ्याला फलाटावरच्या ओल्या लाकडाचा, घाटात तापलेल्या ब्रेकचा. १९७५ मध्ये गॉडन आणि बॅडली यांनी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर पाणबुड्यांना काही शब्द पाण्याखाली आणि काही काठावर पाठ करायला दिले. पाण्याखाली शिकलेले शब्द पाण्याखालीच जास्त आठवले. जागेचा तुकडा परत मिळाला की आठवण सोपी होते.

वयाचाही भाग आहे. २००६ मध्ये स्वीडनमधल्या विलँडर आणि लार्सन यांनी ६५ ते ८० वर्षांच्या लोकांना शब्द, चित्रं आणि वास देऊन आठवणी विचारल्या. शब्द-चित्रांनी बहुतेक ११ ते २० या वयातल्या आठवणी वर आल्या, वासांनी मात्र पहिल्या दहा वर्षांतल्या. आज सत्तरीतल्या माणसाला आंबील-घुगऱ्यांच्या वासाने यल्लम्माच्या वाटेवरची बैलगाडी दिसते, ती यामुळेच असावी. बेळगावच्या कुंद्याचं, त्या दुधाच्या मिठाईचं, मात्र मला असं कधी होत नाही. कुंदा आपण पाहुण्यांसाठी नेतो, स्वतः रस्त्यात कुठे खातो?

या आठवणी भावनेने गच्च असतात, पण म्हणून अचूक असतात असं नाही. २००० मध्ये करीम नादर आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर दाखवलं, की जागी केलेली आठवण काही काळ मऊ होते आणि पुन्हा नव्याने पक्की व्हावी लागते. डबा हत्तरगीला उघडला होता की संकेश्वरला, यावर बहीण-भाऊ तीस वर्षांनीही हटून बसतात. दोघांनी ती आठवण वेगवेगळी घडवत आणलेली असते.

आता घाट लागण्याबद्दल. वळणांवर कानातली तोलाची यंत्रणा एक सांगते, गाडीतच खिळलेले डोळे दुसरं, आणि पोट ढवळतं. जॉन गार्सिया यांनी १९५५ मध्ये उंदरांना सॅकरिनचं गोड पाणी पाजताना किरणोत्सार दिला. आजारलेले उंदीर पुढे त्या पाण्याला तोंड लावेनात. पुढच्या प्रयोगांत खाणं आणि मळमळ यांत तासांचं अंतर असलं तरी एकाच अनुभवात ही नावड बसते, असं दिसलं. खरा दोष वळणांचा, तरी मेंदू खाण्यालाच धरतो. पण कुठल्याही खाण्याला नाही. जे आधी अनेकदा खाऊन पचलेलं आहे, त्यावर आळ सहसा येत नाही. नवीन चवीवर चटकन येतो. आमच्या एका मावशीने लहानपणी चोर्ल्याच्या वळणांवर दशमी आणि स्ट्रॉबेरीची क्रीम बिस्किटं, दोन्ही ओकून टाकली होती. ती बिस्किटं तिला अजून पाहवत नाहीत. दशमी ती पुढच्या घाटातही मागून घेते, "वाढ की गे अजून एक," म्हणत.